जुन्या मशीनसाठी नऊ पिनांचा कोड रीडर: घ्यावा का, आणि घेतला तर वापरावा कसा

जुनं पोकलेन किंवा लोडर विकत घ्यायचं असेल, तर जे१९३९ (अवजड मशीनच्या कंट्रोलरांची आपसात बोलायची प्रमाणित भाषा) वाचणारा, बिघाडाचे कोड दाखवणारा हातात मावणारा कोड रीडर सोबत असलाच पाहिजे. फक्त सोबत चांगला मल्टिमीटर हवा, आणि स्क्रीनवरचं वाक्य वाचून लगेच सेन्सर मागवायची सवय सोडायला हवी. या रीडरना नावं ठेवली जातात ती बहुतेक या सवयीमुळेच.

आधी मशीनवरचं निदानाचं सॉकेट पाहा. काळं नऊ पिनांचं सॉकेट म्हणजे सेकंदाला २५० किलोबिट वेगाचं नेटवर्क, हिरवं म्हणजे ५००. हिरव्या प्लगची केबल दोन्ही सॉकेटांत बसते, काळी हिरव्यात बसत नाही. त्यामुळे हिरव्या केबलचा आणि वेग स्वतः ओळखणारा रीडर घ्या. चुकीच्या वेगाने बोलणारा रीडर चालू नेटवर्कमध्ये नवेच एरर उभे करतो. सप्लाय ९ ते ३२ व्होल्ट चालणारा हवा, कारण मोठी मशीन बहुतेक २४ व्होल्टची असतात आणि फक्त १२ व्होल्टचा गाडीचा स्कॅनर तिथे जळू शकतो. प्रमाणित जोडणीत ए पिन अर्थ, बी पॉझिटिव्ह, सी कॅन-हाय आणि डी कॅन-लो (नेटवर्कच्या दोन सिग्नल वायरी) असते. पण काही उत्पादकांनी तशाच दिसणाऱ्या सॉकेटमध्ये वेगळा क्रम दिलेला आहे, म्हणून केबल खुपसण्यापूर्वी मीटर लावून खात्री करा.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक कोडमध्ये दोन आकडे असतात. एसपीएन सांगतो कुठल्या मापाबद्दल बोलणं चाललंय: १०० म्हणजे ऑइल प्रेशर, ११० कूलंटचं तापमान, १०२ बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब), १५७ रेल प्रेशर (इंजेक्टरांना जाणाऱ्या इंधनाचा दाब). एफएमआय सांगतो नेमकं काय बिघडलंय, आणि निदानाच्या कामाचा आकडा हाच. एसपीएन ११० सोबत एफएमआय ० आला, तर कूलंट खरंच धोक्याच्या पातळीपर्यंत तापलंय: रेडिएटर, बेल्ट, थर्मोस्टॅट बघा. ३ आला तर सिग्नलचं व्होल्टेज जास्त आहे, ४ आला तर कमी. तिन्ही वेळा ‘कूलंट टेम्परेचर सेन्सर फॉल्ट’ एवढंच वाक्य दाखवणारा रीडर असतो, आणि त्या वाक्यावर विसंबून चांगले सेन्सर फेकले जातात. दोन्ही आकडे स्वच्छ न दाखवणारा रीडर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

३ की ४ हे कळलं की पुढचं काम पाच मिनिटांचं. दोन वायरच्या तापमान सेन्सरचा कपलर (वायरिंगचा प्लग) काढा. सिग्नल ५ व्होल्टकडे जातो, रीडिंग उणे ४० च्या आसपास येतं आणि कोड ३ होतो. मग कपलरच्या दोन पिना एकमेकींना जोडा, कोड ४ व्हायला हवा. दोन्ही वेळा असाच कोड आला, तर वायरिंग आणि ईसीएम (इंजिनचा कंट्रोलर) ठीक, दोष सेन्सरचा. तसा आला नाही, तर सेन्सर राहू द्या आणि हार्नेस (वायरींचा जुडगा) तपासा. जोडताना पिनेच्याच मापाचा टर्मिनल वापरा. जाड प्रोब घुसवला की पिन पसरते आणि महिन्याभराने अधूनमधून येणारा नवा फॉल्ट मिळतो. तीन वायरच्या प्रेशर सेन्सरवर मात्र हा जोडाजोडीचा प्रयोग करू नका. तिथे ५ व्होल्ट सप्लाय, अर्थ आणि साधारण ०.५ ते ४.५ व्होल्टचा सिग्नल वेगवेगळा मोजा. हा ५ व्होल्टचा सप्लाय बऱ्याचदा अनेक सेन्सर वाटून घेतात. एकदम तीन-चार कोड आले, त्यात एसपीएन ३५०९ किंवा ३५१० (सेन्सर सप्लायचं व्होल्टेज) असेल, तर एकेक कपलर काढत जा. ज्याच्या काढण्याने सप्लाय ५ वर परत येतो, शॉर्ट त्या फांदीवर आहे.

लाइव्ह डेटामध्ये चांगला आणि भिकार रीडर लगेच ओळखू येतो. ईसीएमकडे एखादं माप नसेल, तर तो त्या जागी २५५ पाठवतो. समजदार रीडर तिथे ‘उपलब्ध नाही’ म्हणतो. भिकार रीडर २५५ मधून ४० वजा करून कूलंट २१५ अंशांवर दाखवतो, किंवा ऑइल प्रेशर १०२० किलोपास्कल. हे आकडे दिसले तर इंजिनला दोष देऊ नका.

जुन्या मशीनची सगळ्यात प्रामाणिक परीक्षा रात्रभर थंड राहिल्यावर, स्टार्ट न करता, नुसती चावी ऑन करून होते. कूलंट, इनटेक हवा आणि फ्युएलचं तापमान एकमेकांच्या पाचेक अंशांत हवं, ऑइल प्रेशर शून्याजवळ. एखादा सेन्सर वेगळं बोलत असेल तर कोड नसला तरी तो संशयित. मग स्टार्ट करून आलेख बघत राहा. कूलंटचा आकडा थंडीतही ८० आणि तासाभराने लोडखालीही ८०, असं दिसलं तर खोटा आकडा दाखवायला कपलरमागे कुणी रेझिस्टर बसवलाय का ते उघडून बघा. ऑइल प्रेशरबद्दल शंका असेल तर मेकॅनिकल गेज लावल्याशिवाय निर्णय नको.

सक्रिय कोड (डीएम१) आणि जुने कोड (डीएम२) रीडरने वेगळे दाखवावेत, किती वेळा आला तो आकडाही द्यावा. फोटो काढण्यापूर्वी क्लिअरचं बटण दाबू नका. दोन्ही याद्या रिकाम्या असणं म्हणजे मशीन निर्दोष असणं नव्हे, याद्या आदल्या दिवशी पुसलेल्या असू शकतात. इंजिन पूर्ण तापेपर्यंत लोडवर चालवून पुन्हा वाचा.

रीडर बोलतच नसेल, तर बॅटरी डिस्कनेक्ट करून सी आणि डी पिनांमध्ये ओहम मोजा. ६० म्हणजे लाइन ठीक. १२० म्हणजे एका टोकाचा टर्मिनेटर (१२० ओहमचा रेझिस्टर) गायब किंवा वायर तुटलेली. शून्याजवळ म्हणजे दोन्ही वायरी एकमेकींना चिकटलेल्या, आणि त्या बहुधा घासल्या जाणाऱ्या वळणावर सापडतात.

हायड्रॉलिक कंट्रोलरचे कंपनीचे खास कोड, इंजेक्टर कटआउट टेस्ट (एकेक इंजेक्टर बंद करून बघणं), कॅलिब्रेशन यांतलं बरंचसं या रीडरच्या आवाक्याबाहेर राहतं. त्यासाठी कॅट ईटी किंवा कमिन्स इनसाइटसारखं उत्पादकाचंच सॉफ्टवेअर लागतं. एकाच कंपनीची मशीन दुरुस्त करणाऱ्याने पैसे तिकडे घालावेत. यांत्रिक पंपाच्या, ईसीएम नसलेल्या इंजिनवर हा रीडर काहीच वाचू शकत नाही.