कंपोस्ट बिन, वर्षभरानंतर: अळ्यांना पैकीच्या पैकी, तोटीला भोपळा

20 लिटरचा, खाली जाळी आणि तोटी असलेला नेहमीचाच डबा. काय टाकायचं, ओल्या कचऱ्यावर सुकं (पाला, भुसा) किती पसरायचं, हे इथे बहुतेकांना पाठ असेल, त्यात शिरत नाही. खत होतं का? होतं. वास येतो का? सुकं टाकताना हात आखडलात तर येणारच. माझं भांडण आहे ते तोटीशी.

खाली साठलेलं पाणी दर दोन-चार दिवसांनी सोडा, असं माहितीपत्रक सांगतं. पावसाळा लागला आणि तोटीतून थेंब येईना. तार घालून खरवडलं तर पाण्याआधी अळ्या बाहेर आल्या. चपट्या, करड्या, बोटाच्या पेराएवढ्या. त्यातल्या गडद तपकिरी झालेल्या तर रात्रीत झाकणाच्या फटीतून निघून थेट ओट्याखाली. घरात काय काय ऐकून घेतलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कस्टमर केअरचं उत्तर तयार होतं: "मॅडम, तुम्ही आमची पावडर कमी टाकताय." पावडर म्हणजे कचरा कुजवायचं विरजण, पाकीट 300 रुपयांना. आणि तोटी? ती वॉरंटीत नाही, सुटीही मिळत नाही, नवा डबा घ्या. एका प्लास्टिकच्या तोटीपायी अख्खा डबा!

चुन्याची निवळी ओतून अळ्या संपवणार होते. नर्सरीवाल्या काकांनी अडवलं. "अहो ताई, लोक विकत घेतात या." ही ब्लॅक सोल्जर फ्लायची पिल्लावळ. माशी काळी, लांबट, पाहताक्षणी गांधीलमाशीच वाटते, पण हिला नांगी नाही आणि पंख चार नाहीत, दोनच. पोटाच्या सुरुवातीला दोन पारदर्शक ठिपके असतात, त्यातून आरपार उजेड दिसतो. अळी असताना साठवलेल्या चरबीवर ती पुढचा आठवडा-दोन आठवडे काढते, आपल्या ताटाकडे फिरकत नाही. अंडीही कचऱ्यात नाही, कचऱ्याजवळच्या कोरड्या फटीत घालते, एका वेळी पाचशेच्या आसपास. म्हणजे झाकणाची कड तिला आयतीच. कोषात जायची वेळ आली की अळी खाणं सोडते आणि कोरडी, अंधारी जागा शोधत निघते. ओट्याखालची वारी त्यासाठीच होती.

तेव्हापासून माझं मत फिरलं. जिथे या अळ्या माजतात तिथे घरमाशीचं फारसं चालत नाही, आणि आमच्याकडे तसंच झालं. आंब्याच्या दिवसांत सालींचा ढीग आठवड्यात बसायचा. पावडर कधीच बंद केली. आंबट ताक आणि सुताराकडचा भुसा (फुकट, पण प्लायवूडचा नको) पुरतो. बाहेर पडू पाहणाऱ्या अळ्यांसाठी डब्याशेजारी कोरड्या पाल्याचं घमेलं ठेवलंय. सकाळी तिथे साळुंक्यांची पंगत बसते.

शेवटी तोटी. मंडईबाहेर माठाची तोटी 40 रुपयांना मिळाली, वायसरसकट. आतून मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा लावला, पुन्हा तुंबली नाही. पाणी दसपट पातळ करून कढीपत्त्याला घालते.

डबा घ्या, खुशाल घ्या. पण दुकानातच तोटी फिरवून, काढून बघा. निघत नसेल, चिकटवलेली असेल, तर पैसे देऊ नका.