निशाणी नांगर : नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या वहीतला शोध

ज्यांना आपल्या घराण्याचे मूळ गाव ठाऊक नाही आणि जमिनीच्या जुन्या कागदांत शोधून शोधून जे एका नावापाशी येऊन थांबले आहेत, त्यांनी नाशिकच्या तीर्थोपाध्यांकडे, म्हणजे यात्रेकरूंचे धार्मिक विधी करणाऱ्या आणि त्यांच्या घराण्यांच्या नोंदी वहीत लिहून ठेवणाऱ्या गुरुजींकडे, जरूर जावे, असे मी आता खात्रीने सांगू शकतो. मात्र तिथे रिकाम्या हाताने जाऊ नये. आमचे पहिले खेटे वाया गेले ते वहीत नोंद नव्हती म्हणून नव्हे. काय विचारायचे हेच आम्हाला कळत नव्हते म्हणून.

आमचे घर चार पिढ्या निफाड तालुक्यात आहे. पणजोबा तिथे 'बाहेरून आले' एवढेच घरात सांगितले जाई. कुठून, केव्हा, कशासाठी, हे आजोबांनाही सांगता येत नसे. दुष्काळात आले असावेत, असे ते म्हणत आणि विषय तिथेच संपे. आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मगाव निफाडकडचेच निघाले. राज्य शासनाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कांतील बदलांच्या नोंदी, पाहिले, तेव्हा पणजोबांनी विकत घेतलेल्या पहिल्या तुकड्याची नोंद मिळाली आणि 'वलद', म्हणजे 'चा मुलगा', या शब्दापुढे त्यांच्या वडिलांचे नाव मिळाले. त्यापलीकडे रस्ता बंद झाला, आणि तो होणारच होता. हक्कनोंदणीच्या कागदांत जमीन बोलते, माणूस बोलत नाही. ज्याच्या नावावर त्या गावात अजून जमीनच नाही, तो त्या कागदांत कुठून सापडणार? पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी रुमालांचे, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांचे, डोंगर आहेत, पण तिथे इनामे, वतने, हक्क आणि हिशेब यांची कागदपत्रे प्रामुख्याने भेटतात. खंडाने रान करणाऱ्या साध्या कुळाचा माग तिथे काढणे ही आमच्यासारख्याच्या आवाक्यातली गोष्ट नव्हती.

घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत मात्र एक मोडी कागद होता. तो खंडाची कबुलायत, म्हणजे खंडाने जमीन कसण्याचा लेखी करार, आहे, एवढे कोणीतरी पूर्वी वाचून सांगितले होते. त्याचे छायाचित्र आम्ही ऑनलाइन लिप्यंतर करून देणाऱ्या एका सेवेकडे पाठवले. दोन दिवसांत टंकलेखित मजकूर आला आणि त्यात पणजोबांच्या नावापुढे 'सावडगाव' असे गाव होते. आम्हाला फार आनंद झाला आणि त्या आनंदात जवळजवळ एक वर्ष गेले. नकाशे पाहिले, नातेवाइकांना विचारले, गावांच्या सरकारी याद्या चाळल्या; आम्हाला हवे तसे सावडगाव कुठे मिळाले नाही. चूक कुठे झाली ते पुढे कळले. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत. आधी ओळ आखतात आणि तिला लटकवलेली अक्षरे एकापुढे एक धावत जातात. 'साकिन', म्हणजे राहणार, या शब्दाचे संक्षिप्त रूप 'सा' असे लिहीत, आणि ते गावाच्या नावाला चिकटून बसले होते. कागदावर 'सा वडगाव' होते. वाचणाऱ्याला अक्षरे येत होती, कागदाची रीत येत नव्हती.

नाशिकला पंचवटीत आम्ही प्रथम गेलो तेव्हा आजचे आडनाव आणि आजचे गाव सांगितले. रामकुंडाजवळच्या एका जुन्या घरी गुरुजींनी निफाडकडची वही काढून बराच वेळ पाहिली आणि आमच्या आडनावाचा लेख, म्हणजे वहीतली नोंद, आपल्याकडे नाही, असे स्पष्ट सांगितले. दुसऱ्या खेपेला माझी आत्या बरोबर होती. तिच्याशी बोलताना गुरुजी म्हणाले, "आई, गाव राहू द्या. देव कोणता ते आधी सांगा." आत्या म्हणाली, खंडोबा. "कुठला?" या प्रश्नावर आम्ही जेजुरी म्हणणार इतक्यात तिने सांगितले की तिचे आजोबा पौष पौर्णिमेला कोरठणला जात आणि घरात तळी भरताना कोरठणचेच नाव घेत. मला हे आयुष्यात प्रथम कळत होते. कोरठणचा खंडोबा पारनेर तालुक्यात पिंपळगाव रोठ्याजवळ आहे. निफाडचा शेतकरी जवळची ठाणी सोडून पिढ्यान्‌पिढ्या तिथे जातो याला काही कारण असलेच पाहिजे, असे गुरुजींनी म्हटले आणि आम्हाला पारनेरकडचे यजमान ज्यांच्याकडे आहेत त्या उपाध्यांच्या घरी पाठवले.

तीर्थोपाध्यांच्या या सेवेची सगळी रचना या एका गोष्टीवर उभी आहे, म्हणून ती नीट समजून घ्यावी. तीर्थोपाध्यांच्या घरांत यजमान प्रदेशाने, गावाने आणि जातीने वाटलेले असतात. माणूस गाव सोडून कुठेही गेला तरी गोदावरीवर आल्यावर तो आपल्या मूळ गावाच्या उपाध्याकडेच जायचा, निदान तशी वहिवाट होती. म्हणून आज राहतो त्या गावाने शोधले तर हाती काही लागत नाही. कुळदैवत, देवक, जुने आडनाव, लग्नसंबंध कोणत्या बाजूला होत ते, यांपैकी जे घरातल्या वृद्ध स्त्रियांना आठवत असेल ते आधी लिहून न्यावे. पुरुषांपेक्षा स्त्रियांना विचारावे, असे मी मुद्दाम सांगतो.

दुसऱ्या घरी बासनात गुंडाळलेल्या लांबट वह्या होत्या. तिथले गुरुजी सत्तरीचे, शांत आणि कमी बोलणारे. त्यांनी सुमारे तीन तास वह्या पाहिल्या. पारनेर तालुक्यातील गावांच्या नोंदी त्यांनी एकामागून एक काढल्या, पणजोबांचे आणि त्यांच्या वडिलांचे नाव जुळते का ते पाहिले आणि एका पानावर बोट ठेवून ते थांबले. आज आम्ही लावतो ते आडनाव त्या लेखात नव्हतेच. तिथे वेगळे आडनाव होते. ते इथे लिहीत नाही, कारण त्या आडनावाची घरे पारनेरकडे आजही आहेत आणि त्यांच्याशी आम्ही अजून बोललेलो नाही. पणजोबांचे नाव, 'बिन' म्हणून त्यांच्या वडिलांचे, मग त्यांच्या आजोबांचे आणि पणजोबांचे. 'हल्ली वस्ती' म्हणून निफाडकडचे आमचेच गाव. 'मातोश्रीच्या अस्थी घेऊन आले' ही नोंद. आणि 'बंधू दोन, वस्ती गावी'. आम्हाला चुलत घराणे असेल, असे कोणाच्या मनातही कधी आले नव्हते.

लेखाच्या खाली पणजोबांची सही नव्हती, कारण त्यांना लिहिता येत नव्हते. तिथे 'निशाणी नांगर' असे लिहून शेजारी नांगराचे छोटेसे चित्र काढलेले होते. शेतकऱ्याने सहीऐवजी नांगर काढायचा आणि स्त्रीने बांगडी, ही जुन्या कागदांतली सर्वत्र आढळणारी रीत मी वाचून होतो. पण वाचणे वेगळे आणि हे पाहणे वेगळे. चित्राची एक रेघ दोनदा ओढलेली आहे आणि ईस, म्हणजे नांगराचा लांब दांडा, कागदाच्या कडेला जाऊन तुटली आहे, म्हणजे जागा पुरेल की नाही याचा अंदाज त्यांना आला नव्हता. पणजोबांचे छायाचित्र आमच्याकडे नाही. त्यांच्या हातचे म्हणून जगात जे काही उरले आहे ते एवढेच, एक इंच लांबीचे. आत्या त्या पानाकडे पाहत बराच वेळ बसून राहिली, आणि गुरुजींनी तिला घाई केली नाही.

या वहीची आणखी एक थोरवी सांगितलीच पाहिजे. फेरफारात स्त्री येते ती बहुधा विधवा म्हणून किंवा वारस म्हणून. वहीत मात्र पणजीचे, तिच्या सासूचे आणि सासूच्या सासूचे नाव होते, कारण श्राद्धात आई, आजी आणि पणजी यांच्या नावांचाही उच्चार करावा लागतो. पणजीच्या नावापुढे 'माहेर टाकळी' असे होते. आमच्या घरात कोणालाही पणजीचे नाव माहीत नव्हते.

गुरुजींनी फक्त आमच्या लेखाचे छायाचित्र घेऊ दिले. शेजारच्या नोंदींवर कोरा कागद ठेवला. ती इतर यजमानांची खासगी माहिती आहे, ही त्यांची भूमिका मला पटली. दक्षिणा त्यांनी मागितली नाही, आम्ही दिली ती घेतली. उणीव म्हणाल तर एकच, पण ती मोठी आहे : या वह्यांना सूची नाही आणि त्यांची दुसरी प्रतही नाही. कडा झिजल्या आहेत, काही पानांवर ओल उतरली आहे. कोणत्या वहीत काय आहे हे सारे एका वृद्ध माणसाच्या स्मरणात आहे. हरिद्वारच्या पंडांच्या वह्यांची सूक्ष्मपट छायाचित्रे (मायक्रोफिल्म) घेतली गेली आहेत. नाशिकच्या या घरात तसे काही व्हावे, यजमानांचा खासगीपणा सांभाळून व्हावे, असे मला मनापासून वाटते.

छायाचित्र घेऊन आम्ही पुण्यातल्या एका मोडी वाचकांकडे गेलो, या वेळी समक्ष. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना मोठी मागणी आली आहे. मागणी वाढली की ग्राहकाला हवे ते वाचून दाखवण्याचा मोहही वाढतो. म्हणून या बाईंच्या कामाची पद्धत सविस्तर सांगतो. त्यांनी मूळ ओळीखाली ओळ असे लिप्यंतर केले. न लागलेली अक्षरे टिंबांनी दाखवली आणि शंकास्पद अक्षरांपुढे प्रश्नचिन्ह ठेवले. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळत नाहीत, म्हणून नावांची आजची वळणे ही आपली निवड आहे, मुळातली नव्हे, असे तळटिपेत लिहिले.

तिथीचा उलगडा त्यांनी कसा केला ते मी आवडीने इतरांना सांगत असतो. शकाच्या चार आकड्यांपैकी तिसरा पुसला गेला होता : एक, आठ, डाग, तीन. पण पुढे 'दुर्मती नाम संवत्सरे' असे होते. संवत्सरे साठ आहेत आणि त्यांचे चक्र साठ वर्षांनी पुन्हा सुरू होते, त्यामुळे दुर्मती शके १७८३, १८४३ आणि १९०३ याच वर्षी येते. अठराशेच्या शतकात आणि शेवटी तीन असलेले वर्ष एकच, शके १८४३. शकात ७८ मिळवले की १९२१ येते. पण लेखाची तिथी माघ वद्यातली आहे, म्हणजे इंग्रजी वर्ष उलटलेले, म्हणून ७९ मिळवायचे : फेब्रुवारी १९२२. कबुलायतीवरचा 'सा' त्यांनीच दोन मिनिटांत सोडवला. दर पानाला त्यांनी आधीच्या सेवेच्या तिप्पट पैसे घेतले, आणि ते योग्य होते.

मी त्यांना विचारले की पणजोबांनी गाव दुष्काळामुळे सोडले, असे आता म्हणता येईल ना? १८९९-१९०० चा दुष्काळ दख्खनला फार कठीण गेला आणि पारनेर हा कायमचा अवर्षणाचा तालुका, तेव्हा माझ्या मते सारे जुळत होते. त्या म्हणाल्या, "जुळेलही, पण या पानावर तसे काही नाही. १९२२ साली ते निफाडकडे राहत होते, एवढेच पान सांगते." लेखात मूळ गाव नुसते 'वडगाव, ता. पारनेर' असे आहे, आणि त्या तालुक्यात वडगाव सावताळ आहे, वडगाव दर्या आहे, वडगाव आमली आणि वडगाव गुंडही आहे. पणजीचे माहेर टाकळी ढोकेश्वर असेल तर सावताळ जवळचे, असे मी म्हटले. त्यांनी तेही लिहून द्यायला नकार दिला. 'टाकळी' एवढ्यावर ढोकेश्वर ठरत नाही. त्यांनी मला पुढची दिशा दिली : तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक (गावातील जन्ममृत्यूंची नोंदवही), मागावे आणि फेब्रुवारी १९२२ च्या आधीच्या काही महिन्यांत एका वृद्ध स्त्रीच्या मृत्यूची नोंद कोणत्या वडगावात आहे ते पाहावे. मुलगा अस्थी घेऊन आला, तर आई बहुधा गावीच वारली असेल. तो अर्ज आम्ही केला आहे.

ज्यांना जायचे आहे त्यांनी पितृपक्ष टाळावा, कारण तेव्हा गुरुजींना मान वर करायला वेळ नसतो, आणि २०२६-२७ च्या सिंहस्थाची गर्दी होण्यापूर्वी जावे. एक अखंड दिवस हाताशी ठेवावा.

निघण्यापूर्वी गुरुजींनी रीतीप्रमाणे आमचाही लेख घेतला. आता तो देवनागरीत आणि बॉलपेनने लिहितात. भावंडे, मुले, सुना यांची नावे झाल्यावर आत्याने आपले आणि आपल्या दोन्ही मुलींचे नाव लिहायला सांगितले, आणि गुरुजींनी ते लेखात लिहिले. मूळ गावाच्या जागी त्यांनी 'वडगाव' लिहिले, पुढे चार बोटे जागा कोरी सोडली आणि मग 'ता. पारनेर' असे लिहिले. कोतवाल बुकातील नोंद मिळाली की येऊन ती जागा भरून घ्या, असे त्यांनी सांगितले आहे.