गीतरामायण घरी ठेवायचं, पण कोणतं?

रामनवमी जवळ आली की ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच: गीतरामायण घरात हवंय, बाबूजींनी (सुधीर फडके) एकट्यानं गायलेलं घेऊ, की रेडिओवरचं जुनं, अनेक गायकांचं? माझ्याकडे दोन्ही आहेत. एकट्याचं मी तीसेक वर्षं ऐकत आलो. आधी कॅसेटवर, मग सीडीवर, आता फोनवर. आकाशवाणीच्या मूळ प्रक्षेपणातली गाणी चार वर्षांपूर्वी एका स्नेह्यानं पेन ड्राइव्हवर आणून दिली. तेव्हापासून आमच्याकडे काय लागतं आणि का, तेवढं सांगतो.

गदिमांचे (ग. दि. माडगूळकर) शब्द आणि बाबूजींचं संगीत दोन्हीकडे आहेच, त्याबद्दल मी काय सांगणार! 1 एप्रिल 1955 च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून सुरुवात झाली. आठवड्याला एक गाणं, वर्षाला 52 व्हायची. त्या साली अधिक महिना आला म्हणून पुढच्या रामनवमीपर्यंत, म्हणजे 19 एप्रिल 1956 पर्यंत, 56 झाली. (हा आकडा माझ्या आठ वर्षांच्या नातीनं एकदा ऐकला आणि पाठ केला. आम्ही इंदूरचे; ‘छप्पन दुकान’ या खाऊगल्लीमुळं इथल्या मुलांना छप्पन वेगळं शिकवावं लागत नाही.)

आधी एकट्याच्या संचाची बाजू मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. बाबूजींचा शब्दोच्चार. जोडाक्षर कुठं फुटतं, श्वास कुठं घ्यायचा, ओळीतल्या कुठल्या शब्दावर किती वजन द्यायचं, हे त्यांच्याइतकं नेमकं मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही. इथं माळव्यात आमच्या मुलांचं मराठी घरापुरतं उरलंय; त्यांच्या कानावर गदिमांचा शब्द स्वच्छ पडावा असं वाटत असेल तर हा संच फार मोलाचा आहे. ध्वनिमुद्रणही जास्त स्वच्छ आहे. शिवाय एका आवाजात अख्खं रामायण ही आपली जुनीच रीत. कीर्तनकार एकटाच राम होतो आणि रावणही होतो. मुळात ही कथा लव-कुश रामापुढं गाताहेत, तेव्हा सगळी पात्रं गाणाऱ्याच्या एकाच गळ्यातून यावीत, यात काही वावगं नाही. माझे एक मित्र नेमकं हेच म्हणतात आणि त्यांचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही.

तरी माझ्या घरी ते मागं पडलं, ते एका बारीकशा त्रासामुळं.

इंदूरहून ओंकारेश्वरला चाललो होतो. गाडीत मी, सौ., मुलगा आणि मागं नात. फोनवर बाबूजी लावलेले, सुटी गाणी, मध्ये निवेदन नाही. सिमरोल मागं पडलं, घाट सुरू झाला आणि मागून प्रश्न आला, "आबा, अब कौन बोल रहा है?" मी सांगितलं, कौसल्या. पुढचं गाणं लागलं, पुन्हा तोच प्रश्न. मी म्हटलं, आता विश्वामित्र. मग अहल्या, मग कैकेयी. दर वेळी मुलानं गाणं थांबवायचं, मी मागं वळून कोण कुणाला काय म्हणतंय ते सांगायचं, मग गाणं पुन्हा पहिल्यापासून. ही गाणी लांब, आठ-आठ, दहा-दहा कडव्यांची. नर्मदेच्या पुलापर्यंत धड डझनभरही झाली नाहीत. चूक पोरीची नव्हती. आपल्याला कथा पाठ असते म्हणून पहिल्या ओळीत पात्र कळतं. तिला कथा त्या गाण्यांतूनच कळायची होती, आणि तिला ऐकू येत होते एकच आजोबा, कधी रागावलेले, कधी रडवेले.

परतीच्या वाटेवर मी पेन ड्राइव्ह लावला. ललिताबाई फडक्यांची कौसल्या आली. नातीनं काही विचारलं नाही. आई बोलतेय एवढं तिला आवाजावरूनच कळलं. वनवासाला निघालेल्या रामाला माणिक वर्मांची सीता मीही येणार म्हणते, तेव्हा नातीनंच मला सांगितलं, "ही सीता आहे ना?" घाट चढून वर येईपर्यंत गाडी एकदाही गाण्यासाठी थांबवावी लागली नाही.

खरा फरक मला त्याच्याही पुढं कळला. भरत परत येतो आणि कैकेयीवर संतापतो, ते गाणं रेडिओवर वसंतराव देशपांड्यांचं आहे. तो संताप त्यांच्या आवाजाच्या धारेतच आहे, मुद्दाम आणलेला नाही. मग सैन्यासह येणाऱ्या भरताला पाहून लक्ष्मण रामाला धनुष्य घ्या म्हणतो, तो गळा आणखी निराळा. दोन तापलेली माणसं झाली आणि मग बाबूजी येतात, ‘पराधीन आहे जगती’ घेऊन. तो यमन मी शेकडो वेळा ऐकला होता. पण आधी दुसऱ्यांचे आवाज ऐकून मग रामाचा आवाज ऐकणं मला नवीन होतं. राम कुणाची तरी समजूत घालतोय, समोर खरोखर दुसरं माणूस उभं आहे, हे तेव्हा जाणवलं. एकट्याच्या संचात भरतही बाबूजी, लक्ष्मणही बाबूजी आणि समजूत घालणारे रामही बाबूजीच. गातात अप्रतिम, पण समोरचा माणूस आपल्याला मनात उभा करावा लागतो.

आणि रेडिओचा संच घेतला म्हणजे बाबूजी गमावले असं होत नाही. हे गाणं तिथंही त्यांचंच आहे, पहिलं लव-कुशाचं गाणंही त्यांचंच. मला वाटतं, या मुद्द्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही.

रेडिओच्या संचाचे दोष लपवत नाही. आवाज पातळ आहे, मागं खरखर आहे, आणि एक गाणं हळू तर पुढचं मोठं, म्हणून हात सारखा बटणावर ठेवावा लागतो. समूहगीतांत शब्द एकमेकांत मिसळतात; सरयूकाठच्या अयोध्येचं वर्णन नातीला त्यात अर्धंच कळलं, तेवढ्यापुरतं मी तिला बाबूजींचं ऐकवलं. घरात कुणाला कमी ऐकू येत असेल तर मी हा संच सुचवणार नाही. माझ्या थोरल्या बहिणीला, ती इंदूरच्याच रामबागेत एकटी असते, मी बाबूजींचाच भरून दिला. तिला सगळी कथा येते, रात्री दिवा मालवून ती एकच आवाज ऐकत पडते, आणि तिच्यासाठी तेच बरोबर आहे.

बाबूजींच्या जाहीर कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणंही मिळतात. त्यांत निवेदन आहे, म्हणजे कोण बोलतंय हा प्रश्न मिटतो. पण टाळ्या आणि खोकले गाण्यावर येतात. एकदा ऐकावीत, रोज लावायला नकोत असं माझं मत.

तेव्हा घरात आठ-दहा वर्षांचं मूल असेल आणि एकच घ्यायचं असेल, तर मी रेडिओचं घ्या म्हणेन. दुसऱ्यांचा अनुभव वेगळा असू शकतो. फक्त घेतल्यावर एक काम आधी करा. गाण्यांच्या नावांपुढं 01 पासून 56 पर्यंत आकडे घाला. फोन ती अक्षरांच्या क्रमानं लावतो, आणि आमच्याकडे पहिल्या दिवशी सेतू बांधून झाला तरी सीतेचं स्वयंवर व्हायचंच होतं.