सर्टिफाइड कॉपीज काढून बरेच महिने झाले, काय कामाला आलं आणि काय नुसतं फाईलीत पडून राहिलं

इमिग्रेशनची फाईल लावायची म्हणून घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट, जन्माचे दाखले, लग्नाचं सर्टिफिकेट असं सगळं सर्टिफाय करून घेतलं होतं, म्हणजे झेरॉक्स ओरिजिनलशी ताडून तिच्यावर अधिकृत माणसाचा सही-शिक्का. तेव्हाच लिहिणार होते पण म्हटलं थांबूया, शिक्का बसतो त्या दिवशी सगळंच झकास वाटतं, खरं काय ते तपासणारा माणूस कागद उघडतो तेव्हाच कळतं. आता फाईल बऱ्यापैकी पुढे सरकलीये, काही कागद एका फटक्यात पास झाले, काही परत मागितले, म्हणून आता सांगते.

शिक्का केवढा मोठा नि किती ठसठशीत आहे याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही हो. बघतात ती त्याच्या बाजूची ओळ. मी ओरिजिनल बघितलंय आणि ही त्याची खरी प्रत आहे असं स्पष्ट लिहिलंय का, तारीख आहे का, सही करणाऱ्याचं नाव वाचता येतंय का, त्याचा हुद्दा काय. आणि हे प्रत्येक देशाचं थोडं थोडं वेगळं असतं हीच तर गंमत. ब्रिटनच्या सरकारी सूचनेत सही करणाऱ्याचा व्यवसाय, पत्ता आणि फोन नंबरसुद्धा लिहायला सांगितलाय, कॅनडावाले मूळ कागदाचं नाव लिहायला सांगतात. त्यामुळे मी जिथे अर्ज जाणार होता त्यांच्याच सूचनांचं पान प्रिंट करून सोबत नेलं. एक साहेब चिडले, म्हणाले, ‘मॅडम, इतकी वर्षं हेच करतोय, आम्हाला शिकवू नका.’ मी म्हटलं तुमचं बरोबरच असेल हो, पण तिकडे तपासणारा तुम्हाला ओळखत नाही ना. कुरकुरत का होईना पण लिहिलं त्यांनी, आणि त्यांच्या हातच्या सगळ्या कॉपीज पास झाल्या. दुसऱ्या एका ठिकाणी मात्र नुसता गोल शिक्का आणि खाली सहीचं गिचमीड, नावबिव काही नाही, वर ‘एवढं चालतं हो सगळीकडे’ हे ऐकवलं, आणि नेमके तेच कागद परत आले.

शिक्का कुठे मारतात त्यावर पण लक्ष ठेवा. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाला त्या < < < वाल्या दोन ओळी असतात ना, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या, मशीनने वाचायच्या, त्यांच्यावर शिक्का गेला की कॉपी वाया गेलीच म्हणून समजा, नंबरच वाचता येत नाही मग. मी झेरॉक्स काढतानाच पान थोडं वर सरकवून खाली चांगली मोकळी जागा ठेवली होती आणि बोट ठेवून दाखवायचे, इथे मारा म्हणून. तसंच तो कागदावर दाबून उठवलेला बिनशाईचा शिक्का, हाताला लागतो, दिसायला एकदम भारदस्त, पण स्कॅन केला की गायब! अपलोड करायचं असेल तर शाईचा पण मागून घ्या, नाहीतर त्या उठावावरून पेन्सिल हलकेच फिरवून द्यायला सांगा, जे काही करायचं ते त्यांनाच करू द्या, आपण नाही. आणि जोडून दिलेल्या कागदांचा स्टेपल किंवा दोरा स्कॅनसाठी अजिबात काढू नका, पिनेची जास्तीची भोकं दिसली की पान बदललं की काय अशी शंका आलीच. मी पानं दुमडून दुमडून स्कॅन केली, कडेला सावली आली थोडी, कोणी काही बोललं नाही.

नातेवाइकांचं एक सांगते. आमचे एक मामा नोटरी आहेत, ‘घरचं काम आहे, पैसे कसले घेतेस मनावर’ म्हणून किती आग्रह त्यांचा. पण नात्यातल्याची सही बहुतेक ठिकाणी चालत नाही, कॅनडाच्या यादीत तर मामा-काका, भाचे-पुतणे, चुलत-मावस भावंडं सगळे बाद आहेत. मामांना नियमच दाखवला तेव्हा कुठे रुसवा गेला.

अपोस्टिलबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ. एजंट म्हणत होता सरसकट सगळ्याला करून घ्या. नाही केलं, आणि आजतागायत काही अडलं नाही, ज्या एका दाखल्याला मागितलं होतं तेवढ्यालाच केलं. अपोस्टिल म्हणजे ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारातलं ते चौकोनी प्रमाणपत्र, त्यात १ ते १० आकडे घातलेले रकाने असतात. ते फक्त एवढंच सांगतं की कागदावरची सही नि शिक्का खरा आहे आणि सही करणारा त्या हुद्द्यावर होता. आतला मजकूर खरा की खोटा याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणजे झेरॉक्सवर नोटरीची सही घेऊन त्यावर अपोस्टिल केलं तर ते नोटरीच्या सहीचं झालं, तुमच्या जन्मतारखेचं नाही! आणि जुने सल्ले वाचून पूर्वी अपोस्टिलच्या जागी लागायचा त्या वकिलातीच्या शिक्क्यामागे धावू नका, कॅनडात जानेवारी २०२४ पासून हा करार लागू झालाय, त्याआधीचे अनुभव तिथे आता लागू पडत नाहीत.

नावातल्या फरकाला पण सर्टिफिकेशन हे औषध नाही. दाखल्यावर एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरं, तर शिक्का मारून दोन्ही चुका अधिकृत होतात एवढंच. त्याला वेगळं प्रतिज्ञापत्र लागलं आम्हाला, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं सांगणारं.

फुकट गेलं काय, तर जास्तीचे सेट. ‘असू द्या, लागतील’ म्हणून काढलेले, पण अर्ज ऑनलाईन, ओरिजिनलचे स्वच्छ रंगीत स्कॅनच बऱ्याच कागदांना पुरले. शिवाय बऱ्याच ठिकाणी कॉपीवरची तारीख ताजी लागते, तीन महिने, सहा महिने, ज्याचं त्याचं वेगळं, त्यामुळे साठवून ठेवण्यात अर्थच नाही. आमच्या सेटमधल्या लग्नाच्या सर्टिफिकेटची कॉपी अशीच जुनी झाली, परवाच नवीन मागितलीये. त्या चिडक्या साहेबांकडेच जाणारे, प्रिंट घेऊन.