नाशिकमधली केंब्रिजवाली शाळा: पाचवीपर्यंत पैसे वसूल, पुढचं नीट वाचा

अ‍ॅडमिशनचा सीझन आला की ओळखीतलं कोणी ना कोणी फोन करतंच, "अगं तुझी लेक त्या इंटरनॅशनल शाळेत आहे ना, कशी आहे, टाकू का आमच्याला?" आता हे फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखं नाहीये, म्हणून एकदाच सगळं टाइप करतेय. शाळेचं नाव लिहीत नाही कारण मुलगी अजून तिथेच आहे आणि पुढे जरा बोचरंही लिहिणार आहे. डे स्कूल आहे, होस्टेल नाही, ब्रिटिश करिक्युलम म्हणजे केंब्रिजचं, गेटवर चारपाच देशांचे झेंडे वगैरे सगळा थाट. मुलगी पहिलीपासून तिथे, आता सातवीत. आणि जाऊबाईंचा मुलगा तिथूनच आयजीसीएसई, म्हणजे केंब्रिजची दहावी, करून बाहेर पडला, सध्या अकरावी सायन्सला आहे, त्यामुळे शाळेची दोन्ही टोकं घरात बघून झालीत.

निकाल आधीच देऊन टाकते. पाचवीपर्यंत फी अंगाला लागते. सहावी-सातवीपासून डोळे उघडे ठेवायचे. आणि नववीत विषय ठरवताना शाळा म्हणते म्हणून काहीही साइन करायचं नाही.

प्रायमरीबद्दल खरंच मनापासून चांगलं बोलेन. पाचवीत बाष्पीभवनाचा धडा होता, त्यावर धडा पाठ करा उत्तरं लिहा असलं काही नव्हतंच, घरी करून बघा म्हणून सांगितलेलं. हिने तीन ताटल्या काढल्या, एक पंख्याखाली, एक गॅलरीत उन्हात, एक कपाटात, आणि तिन्हींत कफ सिरपच्या टोपणाने मोजून मोजून पाणी ओतलं. दुपारी बघतो तर रडकुंडीला आलेली, का तर एक ताटली स्टीलची आणि दोन काचेच्या निघाल्या, "आई ही फेअर टेस्टच नाहीये, एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते." सासूबाई म्हणाल्या अगं पाणी सुकलं ना मग झालं की. नाही झालं! तिन्ही काचेच्या घेऊन पहिल्यापासून सगळं परत. आणि वहीत टीचरने शेरा काय दिला तर गुड नाही, स्टार नाही, एक प्रश्न लिहिला, कपाटात ऊनही नव्हतं वाराही नव्हता तरी तिथलं पाणी थोडं कमी का झालं? त्यावर पोरगी आठवडाभर डोकं खात होती आमचं. मी स्वतः मराठी मीडियमची, बाष्पीभवनाची व्याख्या मला आजही तोंडपाठ आहे, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

वर्गात पोरं कमी, पंचवीसच्या आत, आणि टीचरला प्रत्येकाचं काय चाललंय ते माहिती असतं. प्रायमरीच्या शेवटी चेकपॉइंट नावाची परीक्षा असते, इंग्लिश मॅथ्स सायन्स, पेपर केंब्रिजकडून येतात आणि तपासले पण तिकडेच जातात. पास-नापास नसतं. रिपोर्टमध्ये विषयाचे भाग पाडून दिलेले असतात म्हणजे गणितात आकडेमोड बरी आहे पण भूमिती कच्ची आहे असं सरळ कळतं, उगाच 82 टक्के मिळाले म्हणून पेढे वाटायची सोय नाही. काही पालकांना हेच पचत नाही, नंबर कितवा आला ते सांगा म्हणून मागे लागतात.

कमी काय पडतं तर सराव. पाढे पाठ करून घेत नाहीत. तेरा साते किती विचारलं तर आमची आधी दहा साते सत्तर मग तीन साते एकवीस करून एक्क्याण्णव सांगते, उत्तर बरोबर येतं पण तोवर आजोबांनी तोंड वाकडं केलेलं असतं. ते आम्ही घरी करून घेतो, तुम्हालाही घ्यावं लागेल, शाळा घेणार नाही.

आता "इंटरनॅशनल" चं बघू. नाशिक म्हणजे काही मुंबई-पुणे नाही. सातपूर, अंबड, गोंदे इकडच्या कंपन्यांत दोन-तीन वर्षांसाठी येणारी बाहेरची माणसं असतात, त्यांची मुलं या शाळेत येतात, एका वर्गात एखाददुसरं, कधी तेही नाही. बाकी सगळे आपलेच, डॉक्टरांची मुलं, बिल्डरांची, द्राक्ष एक्स्पोर्टवाल्यांची, आणि दुबई-अमेरिकेतून परत आलेल्यांची. ब्रोशरवर मात्र सगळी गोरी पोरं हसत असतात! ज्यांची बदलीची नोकरी आहे त्यांना या बोर्डाचा फायदा शंभर टक्के आहे, इथून उचललं आणि दुबईत किंवा सिंगापूरला टाकलं तरी तोच सिलॅबस पुढे चालू राहतो. ज्यांना आयुष्य नाशिकलाच काढायचंय त्यांना हा फायदा शून्य, त्यांनी फक्त शिकवण्याची पद्धत आवडते का एवढंच बघावं.

मात्र त्या येणाऱ्या-जाणाऱ्या कुटुंबांमुळे एक वेगळीच मजा असते. आपल्याकडे धुळवडीपेक्षा रंगपंचमी मोठी, आणि शाळेच्या कॅलेंडरवर रंगपंचमीची सुट्टीच नाही, बहुतेक बाहेरून आलेल्या कोणीतरी बनवलेलं असावं ते. अर्धा वर्ग दांडी मारतोच. एका वर्षी आम्ही पालकांनी मिळून एका जर्मन कुटुंबाला रहाड बघायला नेलं तिवंधा चौकात, पेशवेकाळापासूनचा दगडी हौद आणि त्यात धपाधप उड्या मारणारी माणसं बघून ते गृहस्थ आधी हबकले, मग सरळ शर्ट काढून रांगेत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी पोराचा कान गुलाबी तो गुलाबीच. शाळेने नंतर त्याच्यावर असेंब्लीत प्रेझेंटेशन ठेवलं, म्हणजे सुट्टी द्यायची नाही पण फोटो आमचे वापरायचे.

मराठीचं मात्र रडगाणं आहे. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांना पहिली ते दहावी मराठी सक्तीचं आहे, त्यामुळे तास असतो, नाही असं नाही. पण ज्याला घरी मराठीचा गंधही नाही अशा मुलाला आणि आमच्या मुलीला एकच वर्कशीट. ती सातवीत "हे घर आहे, ते झाड आहे" गिरवतेय. दोन लेव्हल करा म्हणून आम्ही लेखी दिलं, उत्तर आलं की पाहू. 27 फेब्रुवारीला कुसुमाग्रज स्मारकात नेतात ते छान आहे, पण वर्षातून एकदा फेटे बांधून फोटो काढले म्हणजे मराठी येत नाही ना. आम्ही रोज रात्री पेपरमधली एक बातमी मोठ्याने वाचायला लावतो, तेवढ्यावर चाललंय. मराठी टीचर स्वतः फार गोड बाई आहेत, परदेशी पोरांकडून "बाळ" मधला ळ काढून घेतात म्हणजे घेतातच, त्यांना तासच कमी देतात त्याला त्या काय करणार.

आता मुद्द्याचं, आठवी-नववीच्या पालकांनी हे जरा सावकाश वाचा. आयजीसीएसईला गणितात दोन रस्ते असतात, कोअर आणि एक्स्टेंडेड. कोअरच्या पेपरला पोराने पैकीच्या पैकी सोडवला तरी ग्रेड C च्या वर मिळूच शकत नाही, A आणि A* फक्त एक्स्टेंडेडवाल्यांना. हे आम्हाला ओरिएंटेशनमध्ये कोणी सांगितलं नव्हतं. जाऊबाईंच्या मुलाचं नाव शाळेने परस्पर कोअरला टाकलेलं, परीक्षेच्या नोंदणीचा कागद सहीला आला तेव्हा जाऊबाईंनी वाचला म्हणून कळलं. विचारायला गेलो तर "त्याला प्रेशर नको म्हणून." प्रेशर नको की शाळेच्या रिझल्टला धक्का नको, ते तुम्हीच ठरवा. जाऊबाई गप्प बसणाऱ्यातल्या नाहीत, ऑफिसमध्ये ठाण मांडून एक्स्टेंडेड करून घेतलं, आणि पोराला B आला. शिवाय 2025 पासून गणिताचा एक पेपर कॅल्क्युलेटरशिवाय आहे, तेव्हा पाढ्यांचं मी उगाच लिहिलेलं नाही.

सायन्सला पण तसंच. फिजिक्स केमिस्ट्री बायो वेगवेगळे घेता येतात, नाहीतर कम्बाइन्ड नावाचा एकच विषय घेता येतो, ज्यात तिन्हींचं मिळून थोडं थोडं. पुढे सायन्सला जायचं असेल तर वेगवेगळेच घ्या, नाहीतर अकरावीत पहिले दोन महिने पोरगं नुसतं बघत बसतं. आणि प्रॅक्टिकल! ओपन डेला लॅब दाखवतात ना, पांढरे कोट, चकचकीत बीकर, तेव्हा तिथेच विचारा की परीक्षेला मुलांना पेपर 5 देता की पेपर 6. पेपर 5 म्हणजे खरोखर हाताने प्रयोग करायची परीक्षा, पेपर 6 म्हणजे प्रयोगाबद्दलचा लेखी पेपर. आमच्याकडे पेपर 6 आहे. त्यात चूक काही नाही, ग्रेडला काही फरक पडत नाही आणि पुष्कळ शाळा तेच घेतात, पण मग त्या लॅबचे पैसे कशाचे घेता, आणि पाचवीत ताटल्या मांडायला शिकवलेल्या पोरीला दहावीत फक्त चित्रातला थर्मामीटर वाचायला लावणार का, हे मी पालक-शिक्षक मीटिंगला विचारलंय, उत्तराची वाट बघतेय.

परीक्षा कुठल्या सिरीजला, म्हणजे वर्षातल्या कुठल्या फेरीला, देणार तेही आधीच विचारून ठेवा. केंब्रिजची मार्च सिरीज खास भारतातल्या शाळांसाठी असते, रिझल्ट मे महिन्यात लागतो, म्हणजे अकरावीच्या ऑनलाइन अ‍ॅडमिशनला सोयीचं पडतं. मे-जूनला दिली तर रिझल्ट ऑगस्टमध्ये, तोवर इकडे गाड्या निघून गेलेल्या असतात. सगळे विषय मार्चला नसतात, त्यामुळे एखादा हौशी विषय घेण्याआधी तो मार्चच्या लिस्टमध्ये आहे का बघा. सर्टिफिकेटवर फक्त ग्रेड असतात, टक्के नाहीत, म्हणून स्टेटमेंट ऑफ रिझल्ट नावाचा जो कागद येतो तो जपून ठेवायचा, त्याच्यावर आकडे असतात.

दहावीनंतर काय, हा प्रश्न शाळेला अवघड जागी लागतो असं माझं निरीक्षण आहे. ए लेव्हल, म्हणजे केंब्रिजचीच अकरावी-बारावी, करून यूकेला किंवा बाहेर कुठेही जायचं असेल तर रस्ता मोकळा आहे, तिथे काही म्हणजे काही प्रॉब्लेम नाही. पण इथेच इंजिनीअरिंग करायचं असेल तर सीईटीला, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेला, 80 टक्के प्रश्न बारावीच्या आणि 20 टक्के अकरावीच्या स्टेट बोर्डच्या अभ्यासक्रमावर येतात, जेईई-नीट तर वेगळीच दुनिया, आणि आयजीसीएसईहून आलेल्या पोराला समजतं सगळं पण धडाधड एमसीक्यू मारायची सवय नसते. पुतण्याचा अकरावीचा पहिला टर्म फार जड गेला. फिजिक्सच्या कन्सेप्ट त्याच्या क्लासमधल्या बाकीच्यांपेक्षा पक्क्या, सर पण म्हणाले तसं, पण टेस्टमध्ये वेळ पुरत नाही, कारण दोन वर्षं त्याला स्टेप्स लिहायची सवय लागलेली. तिकडे उत्तर चुकलं तरी पद्धतीचे मार्क मिळतात, इकडे जेईई-नीटला उलट मायनस. आता रुळावर आलाय, पण ते चार-पाच महिने घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

स्टाफ चांगला आहे पण टिकत नाही, दर वर्षी जूनमध्ये वर्गात नवीन चेहरा. जे टिकलेत ते बहुतेक नाशिकचेच, आणि तेच खरं शाळा चालवतात. कँटीन ठीकठाक. ग्राउंड मोठं आहे, स्पोर्ट्सला नावं ठेवायला जागा नाही.

बस हा वेगळाच विषय. आम्ही इंदिरानगरला, बस मुंबई नाका फिरून जाते आणि सध्या 2027 च्या सिंहस्थाची कामं चालू असल्यामुळे कुठला रस्ता कधी खणलेला असेल देवालाच माहीत, पोरं सकाळी अंधारात निघतात. थंडीत तर लहान मुलांचे हालच, टोपी-स्वेटर घालून पेंगत उभी असतात स्टॉपवर. गंगापूर रोड-कॉलेज रोडवाले सुखी आहेत. द्वारका किंवा आडगाव साइडला राहत असाल तर आधी एक दिवस त्या वेळेला स्वतः गाडीने जाऊन बघा मगच फॉर्म भरा.

फी वर्षाला सव्वादोन लाखांच्या घरात, बस वेगळी, आणि दहावीला परीक्षेची फी विषयागणिक वेगळी, ती धरायला विसरू नका. बरेच पालक समजतात इंटरनॅशनल बोर्ड आहे म्हणजे शाळा म्हणेल ती फी. तसं नाहीये, राज्याचा 2011 चा फी नियमनाचा कायदा या शाळांनाही लागू आहे, पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे फी ठेवावीच लागते, ठरलेली फी दोन वर्षं बदलता येत नाही, आणि समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात, प्रिन्सिपलच्या मर्जीने नाही. आमच्याकडे ट्यूशन फीला हात लावत नाहीत, पण युनिफॉर्म, ब्लेझर आणि पुस्तकं एकाच ठरावीक दुकानातून घ्यायची आणि तिथले भाव दरवर्षी चढते, ही पळवाट शोधलीय. यंदा चिठ्ठीत माझं नाव निघालंय. पुढच्या मीटिंगला दुकानाचा विषय काढणार आहे, कोणाकडे मागच्या दोन-तीन वर्षांच्या पावत्या असतील तर मला पर्सनलवर फोटो पाठवा, ब्लेझरच्या असतील तर आधी त्या.