स्थानिक गोधडी मंडळ: वर्षभराच्या सभासदत्वानंतर

स्थानिक गोधडी मंडळाची सभासद होऊन मला एक वर्ष झाले आणि या काळात तिथे जे शिकायला मिळाले, ते घरी एकटीने शिवताना मिळाले नसते. मासिक सभेत प्रत्येकजण आपले काम उलगडून दाखवतो. पाव इंचाची शिवण जराशी सरकली की पुढचे सगळे चौकोन कसे बिघडत जातात, हे जुने सभासद अक्षरशः हाताला धरून शिकवतात.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते दानासाठीच्या गोधड्यांचे काम. चाकांच्या खुर्चीत बसणाऱ्यांसाठीची गोधडी मुद्दाम अरुंद ठेवली जाते, म्हणजे तिची कड चाकात अडकत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या काचपेटीवर घालायच्या आच्छादनाची एक बाजू गडद असते, कारण त्यामुळे बाळाच्या डोळ्यांवरचा प्रकाश कमी होतो, आणि त्यावर बटणे किंवा मणी लावू दिले जात नाहीत. घेणाऱ्याचा इतका बारकाईने केलेला विचार मी क्वचितच पाहिला आहे.

सभा कामाच्या दिवशी दुपारी भरते, ही मात्र मोठी उणीव आहे. नोकरी करणाऱ्यांना त्यामुळे येताच येत नाही. नवख्यांनी पहिल्या दिवशी यंत्र न नेता सुई, दोरा आणि धुतलेले सुती कापड तेवढे न्यावे.