डंजन्स अँड ड्रॅगन्स लातूरच्या पोरांसोबत: काही महिने खेळल्यानंतरचा अनुभव

पावसाळ्याच्या तोंडावर हा खेळ घरात आणला, आता तुरी निघायला आल्यात. रविवारी दुपारी आमच्याकडे पाच जण जमतात: माझी मुलगी, दोन भाचे, शेजारची सातवीतली मुलगी आणि वरच्या मजल्यावर रूम करून राहणारा, नीटची तयारी करणारा एक मुलगा. एवढे महिने झाल्यावर मत द्यायला हरकत नाही. मत असं, की लातूरसारख्या गावात या खेळाची फार गरज आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ बाजारात आणला. पट नसला तरी चालतो. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. आमच्याकडे ते काम माझं. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करतंय ते तोंडाने सांगतात. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा.

मी गोष्ट देवगिरीच्या किल्ल्यावर घेतली. खंदक, अंधारी म्हणजे आतला काळोखा भुयारी रस्ता, वळणावळणाच्या पायऱ्या, सगळं आयतंच आहे. पहिल्याच दिवशी पोरं अंधारीच्या तोंडाशी आली आणि मी विचारलं, "आता काय करता?" तर मोठा भाचा म्हणाला, "आत्या, ऑप्शन सांग की." नीटवालाही तेच म्हणाला. ही हुशार पोरं आहेत, टेस्ट सिरीजमध्ये वर असतात, पण चार पर्याय समोर नसले की अडतात. मी पर्याय दिले नाहीत. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग सातवीतली म्हणाली, "काकू, आधी दगड टाकून बघते, आवाज किती खोल जातोय ते." ही कल्पना माझ्याही डोक्यात नव्हती. तिथून खेळ सुरू झाला.

या खेळाचा खरा शैक्षणिक फायदा मला इथे दिसतो. आधी हेतू सांगायचा, फासा नंतर. "मी पहारेकऱ्याला पटवतो" एवढ्यावर मी भागवत नाही. काय बोलून पटवणार, तेही विचारते. मग पोरं पूर्ण वाक्यात बोलतात, दुसऱ्याचं ऐकतात, कारण त्याच्या बोलण्यावर आपली पुढची चाल ठरते. अलाउद्दीन खिलजीने १२९६ साली देवगिरीवर स्वारी केली, तेव्हा गडावर धान्य म्हणून चढवलेल्या पोत्यांत मीठ निघालं अशी कथा सांगतात. ती मी एकदा खेळात आणली. तेव्हापासून आमची पोरं कोठारात शिरली की आधी पोतं फोडून बघतात. इतिहासाच्या पुस्तकातल्या चार ओळींनी हे झालं नसतं.

गणितही येतंच. पहारेकऱ्याला पटवायला १५ किंवा त्याहून जास्त हवेत, तर नुसत्या फाशावर शक्यता ३० टक्के. पात्राच्या कौशल्याचे वरचे +३ धरले तर ४५. परिस्थिती अनुकूल असेल तर फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा असतो. तेव्हा ती जवळपास ७० टक्क्यांवर जाते. दोन्ही वेळा हुकायची शक्यता काढून एकातून वजा करायची, हे अकरावीतल्या भाच्याने सातवीतलीला वहीच्या मागच्या पानावर शिकवलं. मी मध्ये पडलेच नाही.

वरच्या मजल्यावरच्या मुलाबद्दल सांगायलाच हवं. तो किनवटकडचा. मेस, क्लास, रूम एवढंच त्याचं लातूर होतं. आता रविवारी तो स्वतःहून खाली येतो, आणि त्याच्या वैद्याच्या पात्राशिवाय बाकीच्यांचं चालत नाही. माझ्या मुलीशी त्याचे वाद होतात, चांगले कडकडून होतात, आणि पुढच्या रविवारी दोघं पुन्हा शेजारी बसतात. क्लासमध्ये शेजारचा म्हणजे रँकमधला स्पर्धक. इथे तो मेला तर आपणही अडकतो.

अडचणीही आहेत. नियम इंग्रजीत आहेत. मूळ नियमांचा मोठा भाग २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोकळा आहे, श्रेय देऊन भाषांतर करायलाही मुभा आहे. मी पात्राची माहिती लिहायचा कागद मराठीत करून घेतला, त्याने खूप सोपं झालं. वेगवेगळ्या बाजूंचे फासे मला लातूरच्या दुकानांत मिळाले नाहीत, ऑनलाइन मागवले. ते येईपर्यंत १ ते २० च्या चिठ्ठ्यांवर भागलं. डंजन मास्टरला आदल्या रात्री तयारी लागते आणि खेळाला निदान तीन तास; परीक्षेच्या काळात आईबाप कुरकुरतात, ते साहजिक आहे. पहिल्या पातळीवरची पात्रं फार लवकर मरतात, लहान मुलांच्या ते मनाला लागतं, म्हणून सुरुवातीला शत्रू कमी ठेवा. आणि पाचपेक्षा जास्त पोरं घेऊ नका. सहावा आला की लढाईत आपली पाळी येईपर्यंत हातात मोबाइल येतो.